एका विधवेचें पत्र

मीं जन्मभर मुलांस पत्रलेखन शिकविलें. पण पत्रांत केवढें सामर्थ्य असतें, तें सेनेगलमधील शिक्षिका मारियामा बा यांनीं दाखविलें. ‘एवढें लांब पत्र’ ही त्यांची फ्रेंच कादंबरी १९७९ सालीं दाकार येथें प्रसिद्ध झाली.

इद्दत पाळणारी रामातुलाय आपली मैत्रीण ऐसातू हिला लिहीत आहे. दोघींच्याहि पतींनीं दुसऱ्या बायका केल्या. ऐसातूनें घर सोडलें, रामातुलायनें सोडलें नाहीं. बरोबर कोण, याचा निवाडा लेखिका देत नाहींत.

फ्रेंच ही पूर्वीच्या राज्यकर्त्यांची, शाळेंत शिकलेली भाषा. तिच्यामुळें हें दुःख जगास कळलें. १९८० सालीं पहिलें नोमा पारितोषिकहि मिळालें. परंतु ज्यांची ही कहाणी, त्यांतील बहुतेक भगिनींस ती वाचतां येत नव्हती. निरक्षराच्या घरीं आलेलें पत्र कोणीतरी वाचून दाखवावें लागतें; तें कर्तव्य शिकलेल्यांचें आहे.