सात टक्क्यांचा हिशेब

हिशेब शंभरावर यायला हवा होता, पण तो त्र्याण्णवाच्या आसपास अडत होता.

१८८५ च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या सॅक्सनीमध्ये, फ्रायबर्गजवळच्या हिमेल्सफ्युर्स्ट या चांदीच्या खाणीत एक अनोळखी खनिज सापडलं. हा परिसर चांदीसाठी ११६८ पासून खणला जात होता. इथल्या माणसांना दगडाकडे नुसतं बघून त्यातली चांदी ओळखता यायची. तरीही हा दगड कुणाच्या ओळखीचा नव्हता. फ्रायबर्गच्या खनिकर्म विद्यालयात खनिजशास्त्र शिकवणाऱ्या अल्बिन वाइसबाख यांनी त्याचं वर्णन केलं आणि 'चांदीयुक्त' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला आर्जिरोडाइट असं नाव दिलं. त्याच विद्यालयातल्या थिओडोर रिख्टर यांनी फुंकणीच्या ज्योतीत त्याची प्राथमिक परीक्षा केली. सोनाराच्या हातात असते तशीच ही फुंकणी. फ्रायबर्गमध्ये तिचं शास्त्रच तयार झालं होतं. चांदी आणि गंधक दिसले, पाऱ्याचा अंश दिसला. नेमकं प्रमाण काढायचं काम त्यांचे सहकारी क्लेमेन्स विंकलर यांच्याकडे आलं.

विंकलर हे अत्यंत काटेकोर रसायनशास्त्रज्ञ होते. सगळे घटक वेगळे करून, वजन करून बेरीज केली, की दरवेळी जवळपास सात टक्के कमी भरायचे. एखादा टक्का इकडेतिकडे झाला, तर माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो. सात टक्के म्हणजे हातची चूक नव्हे. तिथे काहीतरी होतं आणि ते वजनकाट्यावर येत नव्हतं.

ते का येत नव्हतं, हे समजून घेण्यासारखं आहे. विंकलर खनिजाची पूड सोडा आणि गंधकाबरोबर वितळवत, ते पाण्यात विरघळवत आणि त्यात बेताने हायड्रोक्लोरिक आम्ल टाकत. या रीतीने आर्सेनिक आणि अँटिमनी यांसारखे घटक साका होऊन खाली बसतात. पण हरवलेल्या पदार्थाचं गंधकाबरोबरचं संयुग सौम्य आम्लात विरघळलेलंच राहायचं आणि गाळलेल्या पाण्याबरोबर निघून जायचं. चार महिने असे गेले. ६ फेब्रुवारी १८८६ या दिवशी त्यांनी त्या गाळलेल्या पाण्यातच हायड्रोक्लोरिक आम्ल भरपूर, एरवी कुणी टाकणार नाही इतकं ओतलं. क्षणात भांड्यात पांढराशुभ्र, जड साका उतरला. हायड्रोजनच्या प्रवाहात तो तापवल्यावर करड्या रंगाचा धातूसारखा पदार्थ हाती आला. ते नवं मूलद्रव्य होतं. त्याला विंकलर यांनी आपल्या देशावरून जर्मेनियम असं नाव दिलं. आधी त्यांच्या मनात नेपच्युनियम होतं, कारण नेपच्यून ग्रहसुद्धा दिसण्याआधी गणिताने सांगितला गेला होता. पण ते नाव दुसऱ्या एका कथित मूलद्रव्यासाठी आधीच वापरलं गेलं होतं.

हा पदार्थही असाच सापडण्याआधी सांगितला गेला होता, आणि त्याचं आधीचं नाव आपल्या ओळखीचं आहे. १८७१ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी आवर्तसारणीत सिलिकॉनच्या खालचं घर रिकामं ठेवलं होतं आणि तिथल्या न सापडलेल्या मूलद्रव्याला नाव दिलं होतं 'एका-सिलिकॉन'. हा 'एक' संस्कृतातला, म्हणजे आपल्या बाराखडीबरोबर शिकलेला. सिलिकॉनपासून एक घर पुढचा, एवढाच त्याचा अर्थ. त्यांनी अणुभार ७२ सांगितला होता, विंकलर यांना ७२.३२ मिळाला. घनता ५.५ सांगितली होती, ती ५.४७ निघाली. ऑक्साइडची घनता ४.७ सांगितली होती, ती ४.७०३ भरली. तरी पहिल्या काही दिवसांत दोघेही चुकले होते, हेही सांगायला हवं. विंकलर यांना वाटलं, हा अँटिमनीच्या घराण्यातला असावा. मेंडेलीव्ह यांना तो कॅडमियमचा शेजारी वाटला. मूलद्रव्य हाताशी असूनही त्याचं घर ठरायला वेळ लागला. त्याच्या खनिजाचं घर ठरायला तर त्याहून कितीतरी जास्त.

आधी ते दिसतं कसं ते पाहू. ताजा तुकडा पोलादासारखा करडा, त्यात लालसर छटा. हवेत राहिला की काळवंडतो. चमक धातूसारखी, प्रकाश आरपार जात नाही. कस करडा-काळा. सराफ कसोटीवर सोनं घासून जो कस पाहतो, तोच शब्द खनिजशास्त्राने मराठीत घेतला आहे: खडबडीत चिनीमातीवर खनिज घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग म्हणजे कस. कठिनता २.५ ते ३, म्हणजे नखाला जेमतेम दाद न देणारी. विशिष्ट गुरुत्व सहाच्या थोडं वर, त्यामुळे लहानसा खडाही हाताला जड लागतो. पाटन नाही. ठरावीक पातळीवर फुटत नाही, वेडावाकडा तुटतो. वजनाच्या ७६.५ टक्के चांदी, १७ टक्के गंधक आणि साडेसहा टक्क्यांहून किंचित कमी जर्मेनियम.

आर्जिरोडाइटचं सूत्रही पहिल्या फटक्यात बरोबर आलं नाही. विंकलर यांनी चांदीचे ६ अणू, जर्मेनियमचा १ आणि गंधकाचे ५ असं मांडलं होतं. वाइसबाख यांनी स्फटिकाची जातही वेगळी सांगितली होती. १८९३ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठातले सॅम्युएल पेनफिल्ड बोलिव्हियातलं एक खनिज तपासत होते. त्यांना चांदी ८, जर्मेनियम १, गंधक ६ असं प्रमाण मिळालं. हे खनिज नवंच आहे असं समजून त्यांनी त्याला कॅनफिल्डाइट हे नाव दिलं. मग फ्रायबर्गचा नमुना त्यांनी पुन्हा तपासला आणि लक्षात आलं, की दोन्ही एकच आहेत. चूक सूत्रात होती. पेनफिल्ड यांनी ते मान्य केलं. पुढच्याच वर्षी जर्मेनियमच्या जागी कथील असलेलं भावंड सापडल्यावर कॅनफिल्डाइट हे नाव त्याला देऊन टाकलं. स्वतः ठेवलेलं नाव मागे घेणं शास्त्रात सोपं नसतं. त्यांनी ते केलं म्हणून आज ही जोडी नीट ओळखता येते.

आता खरा प्रश्न. आर्जिरोडाइट कोणत्या वर्गात बसवायचं?

मीठ, मोरचूद, तुरटी ही लवणं आपण ओळखतो. मोरचुदात गंधकाभोवती चार ऑक्सिजन असतात आणि त्या गटाला तांबं धरून राहतं. काही खनिजांत ऑक्सिजनची ही जागा गंधक घेतं. मधे आर्सेनिक किंवा अँटिमनी, त्याला चिकटलेलं गंधक आणि या गटाला धरून राहिलेली चांदी, तांबं किंवा शिसं. अशांना सल्फोसॉल्ट म्हणतात, म्हणजे गंधकी लवणं. चांदीच्या सल्फोसॉल्टमध्ये सर्वांत देखणं प्रुस्टाइट. माणकासारखं लालभडक, आणि उजेडात ठेवलं की काळवंडणारं, म्हणून संग्रहालयं त्याचे चांगले नमुने अंधारात जपतात. त्यात आर्सेनिक तिवईच्या माथ्यासारखं बसलेलं असतं. खाली गंधकाचे तीन पाय, आणि वरच्या बाजूला कुणाशीही बंध न जोडलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी. या एकाकी जोडीला जागा लागते, त्यामुळे शेजारचे अणू बाजूला सरकतात आणि साऱ्या स्फटिकाला वेगळा आकार येतो.

आर्जिरोडाइटमध्ये अशी जोडी नाही. जर्मेनियम आपले चारही बाह्य इलेक्ट्रॉन बंधात वापरतं आणि समोशासारख्या चार कोपऱ्यांच्या गटात मधोमध बसतं. सहापैकी चार गंधक या कोपऱ्यांवर असतात, उरलेले दोन फक्त चांदीशी जोडलेले. म्हणून आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या सल्फोसॉल्ट उपसमितीने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात काटेकोर व्याख्या एकाकी जोडी असलेल्या खनिजांपुरतीच ठेवली. जर्मेनियम आणि कथिलाच्या अशा खनिजांना व्यापक अर्थानेच त्या घरात जागा दिली.

दुसरीकडे खनिजशास्त्रज्ञ स्ट्रुन्झ यांची वर्गीकरणाची पद्धत. ती आधी धातू आणि गंधक यांचं प्रमाण विचारते. आर्जिरोडाइटमध्ये चांदी आणि जर्मेनियम मिळून नऊ अणू, समोर गंधकाचे सहा. धातूचं पारडं जड, म्हणून ते साध्या सल्फाइडांमध्ये, अकँथाइटच्या गटात गेलं. अकँथाइट म्हणजे चांदीचं साधं सल्फाइड. देवघरातलं चांदीचं निरांजन चार महिने घासलं नाही की त्यावर जो काळा थर चढतो, तो हाच.

मला स्वतःला व्यापक अर्थाचं घर पटतं. प्रमाण मोजून आर्जिरोडाइट निरांजनावरच्या काळ्या थराशेजारी ठेवता येतं, पण त्याचं वेगळेपण त्या समोशाच्या आकाराच्या गटात आहे. तो गट काढला तर आर्जिरोडाइट उरतच नाही. बाहेरून हे खनिज घनीय जातीच्या स्फटिकांचे आकार दाखवतं, आत मात्र रचना समचतुर्भुजी असते. २०० अंश सेल्सियसच्या थोडं वर तापवलं, की ती खरोखर घनीय होते. तिच्यात चांदीचे आयन सैलसर असतात, एका जागेवरून दुसरीकडे सरकू शकतात. जर्मेनियमच्या गटांचा सांगाडा जागचा हलत नाही.

जर्मेनियमने पुढे मोठा पल्ला गाठला. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत चाललेला पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमच्या तुकड्यावर होता. आज अवरक्त कॅमेऱ्यांची भिंगं आणि प्रकाशतंतूंचा गाभा यांना ते लागतं. ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं, तेव्हा साऱ्या जगाला त्याची आठवण झाली. पण हे जर्मेनियम आर्जिरोडाइटमधून येत नाही. ते जस्ताच्या खनिजातून आणि कोळशाच्या राखेतून काढतात. ज्या दगडाने ते दाखवून दिलं, तो त्याच्या खाणकामासाठी फारच दुर्मीळ आहे. फ्रायबर्गच्या चांदीच्या खाणी १९१३ मध्ये बंद झाल्या, आणि त्या डोंगराळ खाणप्रदेशाला २०१९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आर्जिरोडाइट हा शब्द मात्र आज प्रयोगशाळांत पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येतो. २००८ मध्ये जर्मन संशोधकांनी त्याच सांगाड्यावर नवे पदार्थ बनवले: चांदीच्या जागी लिथियम, जर्मेनियमच्या जागी फॉस्फरस, आणि गंधकाच्या काही जागी क्लोरीन किंवा ब्रोमीन. द्रवाशिवाय चालणाऱ्या, घन इलेक्ट्रोलाइटच्या बॅटऱ्यांसाठी आज ज्या पदार्थांवर सर्वाधिक काम चालू आहे, त्यांत हे लिथियम आर्जिरोडाइट पुढे आहेत. त्यांच्यात चांदीही नाही, जर्मेनियमही नाही. अणूंची मांडणी तेवढी हिमेल्सफ्युर्स्टच्या खाणीतल्या त्या दगडाची आहे.