भुशीतले घर विकण्यापूर्वी

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून इंग्रजांच्या काळात इंद्रायणीवर हे धरण बांधले गेले. इंजिने गेली, पाणी राहिले आणि पाण्यामागून गर्दी आली. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबई-पुण्याला लोणावळा आणखी जवळचे झाले. त्यामुळे कालपर्यंत जे नुसते 'गावचे जुने घर' होते, त्याचा भाव आज एजंट दारात येऊन विचारतात.

थोरला पिंपरीत नोकरीला, धाकटा अंबरनाथला, मुलगी सासरी तळेगावला आणि गळक्या घरात एकटी म्हातारी आई. अशी घरे भुशीत आहेत, तशी मावळात गावोगाव आहेत. घर विकावे की ठेवावे हे ज्याचे त्याने ठरवायचे. पण विकायचे ठरलेच तर कसे विकावे, हे माहीत असलेच पाहिजे. भाजी महाग पडली तर दुसऱ्या दिवशी दुकान बदलता येते. घर एकदाच विकले जाते.

मालकी कोणत्या कागदाने ठरते?

पुष्कळ लोक घरपट्टीच्या पावत्यांची पिशवी पुढे करतात आणि "हे बघा, घर आमचे" असे म्हणतात. घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. तिच्यावरून ताबा दिसतो, पण मालकी सिद्ध होत नाही. वीजबिलाचेही तसेच. शेतजमीन असेल तर सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार पाहावेत. नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका काढावी. तिच्यावर अजून आजोबांचेच नाव असेल, तर आधी वारस नोंद करून घ्यावी. नोटीस निघून हरकतीची मुदत संपल्यावरच नोंद मंजूर होते. म्हणून गिऱ्हाईक आल्यावर धावपळ न करता हे काम सहा महिने आधी हाती घ्यावे.

सरकारी, रेल्वेच्या किंवा वनखात्याच्या जागेवर टपरी वा खोली असेल, तर ती वर्षानुवर्षे ताब्यात असली तरी विकता येत नाही. जून २०२४ मध्ये धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर धरणाच्या वाटेवरची अतिक्रमणे हटवली गेली. ज्यांनी अशी जागा कुणाकडून पैसे मोजून घेतली असेल, त्यांच्या हाती कागद नसतो आणि दाद मागायलाही आधार नसतो.

वतनाची जमीन

आपल्या वाचकांनी हा भाग दोनदा वाचावा. महार वतन ही गावकीच्या राबणुकीची बेडी होती. ती तोडण्यासाठी डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ चा कनिष्ठ गाव वतने नाहीशी करण्याचा कायदा झाला आणि तो १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. वतने खालसा झाली आणि जमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून घेऊन पुन्हा आपल्या माणसांना दिल्या गेल्या. मात्र त्या नवीन शर्तीने दिल्या गेल्या. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय त्या विकता येत नाहीत.

सातबारावर 'भोगवटादार वर्ग २', 'नवीन अविभाज्य शर्त' किंवा 'इनाम वर्ग ६ ब' असे काही लिहिलेले दिसले, तर तिथेच थांबावे. "आत्ता सही करा, परवानगीचे आम्ही नंतर बघतो" असे एजंट म्हणेल. त्याच्या बोलण्यावर सही करू नये. परवानगीशिवाय झालेला व्यवहार रद्द ठरू शकतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. एजंटाला दुसरी जमीन मिळेल, आपल्याला मिळणार नाही. आदिवासी बांधवांच्या जमिनीलाही कायद्याचे असेच संरक्षण आहे. ती बिगरआदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही.

आईचा वाटा, बहिणीचा वाटा

वारसाच्या बाबतीत हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ हा बौद्धांनाही लागू आहे. वडिलांची स्वकष्टाची मालमत्ता असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आई, मुलगे आणि मुली यांचे वाटे सारखे. वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अटही गेली. मुलीचा हा हक्क जन्माने येतो, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. स्त्रीला वारसाहक्क मिळावा म्हणून ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेब झटले, ते रखडल्यावर १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तेव्हा "ताईला साडीचोळी करू, तिची सही घेऊ" हे आपल्या घरात तरी शोभत नाही. ताईने मनापासून हक्क सोडला तर तिचा मान राखावा. पण हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवे, आणि ते तिला मोठ्याने वाचून दाखवलेले हवे.

आता आईबद्दल. घर विकल्यावर आईचे पैसे मुलगे वाटून घेतात आणि आई दोन-दोन महिने एकेकाकडे राहते, हे आपण पाहतो. कुणीही वाईट नसते, पण आईच्या हातात काही उरत नाही. तिच्या वाट्याची रक्कम तिच्या एकटीच्या खात्यावर, मुदत ठेवीत, तिच्या नावाने ठेवावी. व्याज तिच्या हाती पडावे. तिने आपला वाटा कुणाला बक्षीस द्यायचाच असेल, तर 'माझा सांभाळ करावा' ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. तशी अट असेल आणि ती पाळली गेली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली बक्षीसपत्र रद्द करून मागता येते.

पैशाचा व्यवहार

इसार घेताना साध्या कागदावर भागवू नये. साठेखत करावे, ते नोंदवावे आणि उरलेली रक्कम किती तारखेपर्यंत यायची व न आल्यास काय, हे त्यात लिहावे. पूर्ण रक्कम खात्यावर जमा झाल्याशिवाय खरेदीखतावर सही नको आणि किल्लीही नको. खरेदीखताऐवजी नुसते कुलमुखत्यारपत्र मागणाऱ्यापासून सावध राहावे. अशा पत्राने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले आहे. तरीही ते हातात पडले की आपल्या सहीचा वापर दुसऱ्याच्या हाती जातो.

"कागदावर कमी दाखवू, बाकीचे रोख देतो" हे बोलणे प्रत्येक व्यवहारात निघते. घराच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे आपल्याला होऊ शकतो. पुढे भांडण झाले तर रोख दिल्या-घेतल्याचा पुरावा राहत नाही, हे वेगळेच.

कराची भीती मात्र बाळगू नये. हिशेब करून पाहावा. समजा घर ४० लाखांना गेले आणि वारस चार आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला १० लाख आले. घर जुने असेल तर १ एप्रिल २००१ ची रास्त किंमत धरता येते. ती ४ लाख असेल, तर प्रत्येकाचा खर्च १ लाख आणि नफा ९ लाख. साडेबारा टक्क्यांनी कर १,१२,५०० रुपये होतो. शिवाय उपकर. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांनीही हिशेब करता येतो, आणि जो कमी येईल तो कर भरायचा. आईला दुसरे उत्पन्न नसेल तर तिचा कर आणखी कमी होतो. राहते घर विकून दोन वर्षांत दुसरे घेतले किंवा तीन वर्षांत बांधले, तर नव्या घरात गुंतवलेल्या नफ्यावर सूट मिळते. सही करण्याआधी जाणत्या कर सल्लागाराला एकदा भेटावे. त्याची फी वसूल होते.

नवीन घर बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेत असाल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही.

सामान बांधताना

लोणावळ्याच्या पावसात हलवाहलव नको. शाळेचे वर्ष संपल्यावर, मे महिन्यात घर बदलावे. मुलांचे दाखले वेळेवर निघतात आणि गाद्या-पुस्तके कोरडी पोहोचतात. विजेचे शेवटचे वाचन घेऊन बिल चुकते करावे. गॅस, रेशनकार्ड, आधार व बँकेतला पत्ता बदलून घ्यावा. मतदार यादीसाठी नमुना ८ भरावा, नाहीतर मतदानाच्या दिवशी नाव इथे आणि माणूस तिथे, असे होते.

एक ट्रंक मात्र टेम्पोत टाकू नये, ती हातात धरून न्यावी. आजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुने सातबारे, घरपट्टीच्या पिवळ्या पावत्या हे सगळे तिच्यात असावे. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० रोजी कुटुंबाचे वास्तव्य कुठे होते, ते पाहतात. वास्तव्य भुशीचे असेल, तर नातवंडे पिंपरीत जन्मली तरी दाखल्याचा अर्ज मावळच्याच उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जाणार, आणि पुरावाही इथलाच लागणार. विकत घेणारा जुन्या भिंती पाडील. त्या भिंतींत आपण राहत होतो, हे पुढे सांगणारा कागद रद्दीत गेला, तर नातीचा कॉलेजचा प्रवेश अडू शकतो.

म्हणून प्रत्येक कागदाच्या दोन छायाप्रती काढून एक संच बहिणीकडे ठेवावा. आई-वडिलांना विचारून आजोबा-पणजोबांची नावे, गावे आणि सालांची वंशावळ वहीत लिहून काढावी. हे काम आजच करता येते. त्यासाठी गिऱ्हाईक येण्याची वाट पाहू नये.