नवा व्यूह आणि जुने गडी

शाळेच्या क्रीडाजीवनात एक प्रसंग वारंवार येत असतो. जुने क्रीडाशिक्षक निवृत्त होतात अथवा अन्यत्र जातात, आणि त्यांच्या जागी नवे शिक्षक येतात. नव्या शिक्षकांपाशी फुटबॉलच्या चढाईची एक नवी पद्धत असते व ती दुसऱ्या ठिकाणी यशस्वी झालेली त्यांनी पाहिलेली असते. संघातील मुले मात्र तीच असतात. कालपर्यंत जो मुलगा संघाचा आधारस्तंभ मानला जाई, त्याला नव्या पद्धतीत उभे राहण्यास जागाच उरत नाही. आणि ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, तो एकाएकी पुढे येतो. अशा वेळी मैदानाच्या कडेला, वर्गात आणि घरोघरी एकच प्रश्न निघतो: पद्धतीने मुलांप्रमाणे बदलावे, की मुलांनी पद्धतीप्रमाणे? कोल्हापुरासारख्या फुटबॉलवेड्या नगरीत हा प्रश्न क्षुल्लक नाही. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम व्यूह म्हणजे काय ते पाहू. गोलरक्षक वगळता संघात दहा गडी उरतात. चेंडू आपल्या ताब्यात आल्यावर तो पुढे कोणी न्यावयाचा, कोणत्या बाजूने न्यावयाचा आणि शेवटचा फटका कोणी मारावयाचा, ह्या तीन गोष्टी आधी ठरविणे म्हणजेच चढाईचा व्यूह रचणे होय. परंतु प्रत्येक व्यूह विशिष्ट प्रकारचे गडी गृहीत धरून चालतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कडेने धावत जाऊन गोलासमोर उंच चेंडू टाकावयाचा असेल, तर कडेस चपळ गडी हवा आणि मध्यभागी डोक्याने चेंडू मारणारा उंच गडी हवा. जमिनीलगत आखूड पास देत पुढे सरकावयाचे असेल, तर सर्वांचेच पाय नेमके हवेत आणि मैदानही सपाट हवे. मागे दाटीने थांबून संधी मिळताच मुसंडी मारावयाची असेल, तर आघाडीस एक तरी वेगवान गडी आणि मागे धीर न सोडणारे सहा-सात गडी पाहिजेत. फळ्यावर खडूने काढलेले वर्तुळ कोठेही हलते. त्या वर्तुळाच्या जागी उभा राहणारा मुलगा तसा हलत नाही.

ह्या शास्त्राचा आधुनिक इतिहास १९२५ साली सुरू होतो असे म्हणावयास हरकत नाही. त्या वर्षापर्यंत पुढे गेलेल्या गड्याच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे तीन गडी नसल्यास तो ऑफसाइड ठरत असे. त्या वर्षी ही संख्या दोनवर आणण्यात आली आणि चढाई करणाऱ्यांचे काम एकदम सोपे झाले. त्याच वर्षी लंडनच्या आर्सेनल संघाची सूत्रे हाती घेतलेल्या हर्बर्ट चॅपमन यांनी ह्यावर तोड काढली. मध्यभागी खेळणारा सेंटर हाफ त्यांनी दोन फुलबॅकांच्या मध्ये मागे आणला आणि त्याची उणीव भरून काढण्यासाठी आघाडीचे दोन गडी थोडे माघारी घेतले. इंग्रजी डब्ल्यू आणि एम ह्या अक्षरांसारखी दिसणारी ही रचना पुढे जगभर पसरली. परंतु त्या रचनेत बचाव आणि आघाडी यांना जोडणारा एक चतुर गडी लागत होता. तो मिळविण्यासाठी चॅपमन यांनी १९२९ साली ८,७५० पौंड मोजून प्रेस्टनच्या संघातून अ‍ॅलेक्स जेम्स यांना आणले. १९३०-३१ साली आर्सेनलने इंग्लंडचे लीग अजिंक्यपद प्रथमच पटकावले. येथे व्यूह आधी ठरला आणि त्याला साजेसा गडी नंतर विकत घेतला गेला, हे लक्षात ठेवावे. धनवान संघास हे शोभते. शाळेने काय करावे? तिच्या पटावर जी मुले आहेत, तेवढीच तिची संपत्ती.

ह्या बाबतीत आपल्या कोल्हापूरच्या मातीत एक जुने शहाणपण आहे. येथील पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा हे नामांकित फुटबॉल संघ तालमींच्याच नावाने ओळखले जातात. तालमीतला वस्ताद नव्या पठ्ठ्याला पहिल्या दिवशी डाव शिकवीत नाही. तो आधी त्याचे अंग पाहतो. उंच व लांब हाताच्या मुलाला तो एक डाव देतो, बुटक्या व कमरेत बळकट असलेल्या मुलाला दुसरा. वस्तादाला स्वतःला धोबीपछाड आवडते म्हणून आखाड्यातील सर्वांनी धोबीपछाडच मारावी, असा हट्ट तो धरीत नाही.

राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांचे अंग मातीत घडलेले होते आणि कुस्ती होती गादीवर, परक्या नियमांनी. तेथे रीस गार्डनर ह्या अमेरिकन मल्लाने त्यांना मार्गदर्शन केले. त्या वर्षी खाशाबा सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. मातीने दिलेली चपळाई पुसून टाकावी लागली नाही. तिला नव्या नियमांची जोड द्यावी लागली.

आता फुटबॉलकडे वळू. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, पेशाने शाळाशिक्षक. १९५० पासून १९६३ साली मृत्यू येईपर्यंत भारतीय फुटबॉल संघाचे ते मार्गदर्शक होते. त्यांच्या कारकिर्दीत आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसून येतात. १९५२ साली हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा दारुण पराभव केला. आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले होते. अनवाणी पायाने चेंडू नाजूकपणे खेळविण्याची कला खरी, परंतु तिचे दिवस संपले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. रहीमसाहेब मुलांना ज्या पायाची सवय नाही त्याच पायाने खेळावयास लावीत, आणि चेंडू घोळवीत न बसता लगेच पास देण्याची सक्ती असलेले सामने भरवीत. म्हणजे येथे गड्यांना बदलावे लागले. त्याचे फळ चार वर्षांनी दिसले. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरविले व अखेरीस चौथा क्रमांक मिळविला. त्या सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा हे मूळचे गोव्याचे, आणि मुंबईच्या मैदानांवर खेळणारे.

दुसरी बाजू १९६२ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडासामन्यांत दिसली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २–० असे हरविले. पुढे थायलंडविरुद्ध खेळताना बचावाचे आधारस्तंभ जर्नेलसिंग यांच्या डोक्यास जखम होऊन टाके पडले. बचावाच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या गड्यास प्रत्येक उंच चेंडू डोक्याने परतवावा लागतो. मग टाके पडलेल्या गड्याचा उपयोग काय? दुसऱ्या एखाद्याने त्यांना घरी बसविले असते. रहीमसाहेबांनी त्यांना आघाडीवर, सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे केले. त्यांची उंची, अंगातील जोर आणि निर्भयता ह्या गोष्टी जखमेने गेल्या नव्हत्या. उपान्त्य सामन्यात जर्नेलसिंग यांनी गोल केला व भारताने दक्षिण व्हिएतनामला ३–२ असे हरविले. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर होता. प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला गोल केला, जर्नेलसिंग यांनी दुसरा. आणि २–१ अशा विजयाने सुवर्णपदक भारतास मिळाले. येथे गडी बदलला नाही. व्यूह त्याच्यापुढे नमला.

ह्या दोन्ही गोष्टी एकाच शिक्षकाने केल्या. मग त्यांत विसंगती आहे काय? मुळीच नाही. जे शिकविल्याने व सरावाने बदलते, ते गड्याने बदलावे. जे त्या हंगामात बदलणारच नाही, त्यापुढे व्यूहाने नमावे. डाव्या पायाने पास देणे शिकता येते. चेंडू गमावल्यावर मागे धावत येणे शिकता येते. परंतु मुलाची उंची तीन महिन्यांत वाढविता येत नाही, आणि जात्याच संथ असलेल्या मुलाला हरणासारखे पळविता येत नाही. ह्या दोन गोष्टींतील भेद ओळखणे हीच नव्या शिक्षकाची खरी परीक्षा.

आपल्या गावाशी संबंध असलेले एक अलीकडचे उदाहरण घ्या. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव आघाडीचा गडी म्हणून खेळला. स्पर्धा ऑक्टोबरात होती आणि संघाचे नवे मार्गदर्शक, पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस, यांची नेमणूक झाली मार्च महिन्यात. हाती अवघे सात महिने! समोर येणारी परदेशी मुले शरीराने दणकट व अनुभवाने पुढे होती. बरोबरीने चेंडू खेळविण्याचा हव्यास सोडून नव्या मार्गदर्शकांनी मागील फळ्या दाट ठेवण्याचा आणि चेंडू मिळताच वेगाने पुढे जाण्याचा मार्ग पत्करला. त्यांच्याच काळात जीक्सनसिंग हा मणिपुरचा उंच मुलगा संघात आला. दिल्लीच्या मैदानावर अमेरिकेकडून ०–३ असा पराभव झाल्यावर कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर ह्याच जीक्सनने डोक्याने गोल केला. विश्वचषकात भारताने केलेला तो पहिला गोल. तो सामना भारत १–२ असा हरला व पुढे घानाकडूनही ०–४ असा हरला, हे येथे लपविण्याचे कारण नाही. योग्य व्यूह विजयाची हमी देत नाही. आपल्याजवळ जे आहे ते पूर्ण उपयोगात येईल, एवढीच त्याची हमी.

तर मग नव्या शिक्षकाने आरंभ कसा करावा? पहिले काही दिवस त्याने काहीच न शिकविता केवळ पाहावे. न सांगता कोणता मुलगा कोठे धावतो, अडचणीत सापडल्यावर कोणाकडे चेंडू देतो, थकल्यावर कोणाचे पाय प्रथम थांबतात, ह्याची टिपणे ठेवावी. नंतर आपल्या पद्धतीतील दहा युक्त्यांपैकी ह्या मुलांना साधतील अशा दोन-तीनच निवडाव्या आणि त्या पक्क्या करून घ्याव्या. अर्धवट आलेल्या दहा युक्त्या सामन्यात गोंधळ मात्र माजवितात. मुलांच्या तोंडी बसलेल्या जुन्या खुणा व जुने शब्द शक्य तोवर तसेच ठेवावे. ते शब्द शिकण्यास शिक्षकाला एक संध्याकाळ पुरते. मुलांना नवे शब्द अंगवळणी पाडण्यास महिने लागतात. आणि ऋतूचाही विचार करावा. आषाढ-श्रावणात चिखलाने भरलेल्या मैदानावर जमिनीलगतचा पास वाटेतच रुतून बसतो. तेथे सर्वोत्तम पुस्तकी व्यूहही फुकट जातो.

विद्यार्थिमित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो. नव्या रचनेत ज्याची जागा गेली, त्या मुलाच्या मनास किती लागते हे सर्व शिक्षक जाणतात. परंतु जागा जाणे आणि गुण जाणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा मुलाने शिक्षकांपाशी जाऊन ‘मला का वगळले?’ असे विचारण्यापेक्षा ‘ह्या व्यूहात माझ्याकडून कोणते काम होईल?’ असे विचारावे. पहिला प्रश्न वादात संपतो. दुसऱ्यास उत्तर द्यावेच लागते. आणि ज्या शिक्षकापाशी ह्या प्रश्नाचे उत्तर नसेल, त्याने आपला व्यूह पुन्हा एकदा तपासून पाहावा हे उचित.

पालकहो, तुमचा मुलगा ह्या वर्षी राखीव गड्यांत बसला, तर त्यास नालायक समजू नका, आणि नव्या शिक्षकांनाही पहिल्या पराभवाबरोबर दोष देऊ नका. गडी आणि व्यूह यांची ओळख पटण्यास एक हंगाम लागतो. शाळेतील खेळ हा अखेर शिक्षणाचाच भाग आहे. ज्या मुलात जे आहे ते हेरून त्यास योग्य जागी उभे करणे, आणि जे नाही पण येऊ शकेल ते धीराने शिकविणे, हे काम वर्गात गणिताचा शिक्षक करतो, मैदानावर खेळाचा शिक्षक करतो आणि घरी आईबाप करतात. जखमी बचावपटूतून आघाडीचा वीर निर्माण करणारे रहीमसाहेब एक शाळामास्तर होते, ही गोष्ट आम्हा शिक्षकांनी विशेष आठवावी.