तळातून उठणारी ताकद

बाकावर पाठ टेकायची, भरलेला बार छातीपर्यंत खाली आणायचा आणि हात सरळ होईपर्यंत वर ढकलायचा, हा बेंच प्रेस. २०२१ साली अमेरिकेच्या ज्युलियस मॅडॉक्सने तो ३५५ किलोचा केला. २०२३ साली त्याच्याच देशातल्या जिमी कोल्बने ६३५ किलो ढकलले. दोन वर्षांत माणसाचे हाड-मांस काही बदलले नव्हते. फरक होता तो कोल्बच्या अंगातल्या शर्टात.

एक शर्ट पावणेतीनशे किलोंचा फरक पाडतो, हे पहिल्यांदा ऐकताना खरे वाटत नाही. पण हे कापड नेहमीचे नसते. बेंच शर्ट, स्क्वॉटचा, म्हणजे बार खांद्यावर घेऊन खाली बसून उठण्याचा सूट, गुडघ्यांना करकचून आवळलेले रॅप, सगळे जाड, हट्टी, ताणाला विरोध करणारे. बार खाली येतो तसे ते ताणले जातात आणि गलोलीच्या रबरासारखी ऊर्जा साठवतात. वर जाताना तीच ऊर्जा परत मिळते. कोल्बसारख्यांचे अनेक थरांचे शर्ट तर इतके ताठ असतात की हलका बार छातीला टेकतच नाही. बार खाली आणायलाच प्रचंड वजन चढवावे लागते. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ एकाच थराचे कापड चालवतो, तरी तिथेही सूट घातलेल्याचा आणि न घातलेल्याचा आकडा यांत मोठे अंतर राहते.

ही मदत मिळते कुठे, यात खरी गोम आहे. ताण सर्वांत जास्त असतो तो बार अगदी खाली असताना. बार वर जाईल तसा कापडाचा जोर सरतो आणि शेवटचा टप्पा माणसाला स्वतःच पार करावा लागतो. म्हणजे सूट नेमका तिथे हात देतो, जिथे शरीराची खरी परीक्षा असते.

स्क्वॉटचा हिशेब करून पाहा. खांद्यावर २०० किलोचा बार आहे आणि मांडी ४० सेंटिमीटर लांब आहे असे धरा. मांडी जमिनीला समांतर झाली की नितंब आणि गुडघा यांत आडवे अंतर पूर्ण ४० सेंटिमीटर. बरेच वर येऊन मांडी जमिनीशी ६० अंशांवर गेली की हेच अंतर २० वर येते. वजन एका ग्रॅमनेही कमी झालेले नाही, पण कमरेच्या आणि गुडघ्याच्या सांध्यांना मिळून पेलावा लागणारा पीळ निम्मा झाला. सगळी लढाई तळाशी असते. तळातून जो उठला, तो बहुधा उभा राहतोच.

आता कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावातला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. नीरा डाव्या कालव्याचा हा पट्टा, सोमेश्वर कारखान्याचा ऊस. अंगमेहनत इथे कुणाला शिकवावी लागत नाही. हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढणारी माणसे इथे दरवर्षी दिसतात. चढताना प्रत्येक पावलाला वाकलेला गुडघा भारासकट सरळ होतो, चुंबळीखेरीज कसलाही आधार नसतो. हा मुलगा बारामतीच्या जिममध्ये जातो, पॉवरलिफ्टिंगच्या नादी लागतो, कुणाचा तरी जुना सूट मिळवतो आणि वर्षभर त्यातच स्क्वॉट मारतो. आकडे झपाट्याने चढतात. मग एके दिवशी क्लासिक गटात, म्हणजे सुटाविना, उतरायचे ठरते आणि ओळखीचे वजन त्याला तळाशी दाबून ठेवते.

त्याची ताकद खोटी नव्हती. ती वरच्या अर्ध्या भागात तयार झाली होती, कारण खालचा अर्धा भाग कापड सांभाळत होते. आपण ज्या कोनात स्नायू राबवतो, त्याच कोनाच्या आसपास त्याची ताकद सर्वांत जास्त वाढते. सुटातल्या बेंचने दंडामागचे स्नायू भक्कम होतात, कारण हात सरळ करण्याचे शेवटचे काम त्यांचे. छातीचे स्नायू मात्र तळाशी पुरेसे राबतच नाहीत.

२०१२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी गुडघ्याचे रॅप बांधून आणि न बांधता केलेल्या स्क्वॉटची तुलना प्रसिद्ध केली. रॅपने उठण्याचा जोर तर वाढलाच, पण बारचा पुढे-मागे होणारा प्रवासही घटला. रॅपमुळे स्क्वॉटची ढबच बदलत होती. त्यांनी बजावले की ताकद कमावायच्या सरावात रॅपवर विसंबू नये. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. रॅप बांधला की वजन वाढते एवढेच आपण पाहतो, पण व्यायामच वेगळा झालेला असतो.

इक्विप्ड, म्हणजे सूट घालून केलेले पॉवरलिफ्टिंग ही फसवणूक, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ताठ कापडात बार सरळ रेषेत खाली आणणे ही अवघड विद्या आहे, आणि शरीराला न पेलणारे वजन हातात धरण्याची सवय मज्जासंस्थेला त्यातून होते. १९७० च्या दशकात सूट आले, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन इन्झरचा बेंच शर्ट आला आणि कितीतरी वर्षे हा खेळ कापडाच्या संगतीनेच वाढला. सुटाविना खेळणाऱ्यांची पहिली अधिकृत जागतिक क्लासिक अजिंक्यपद स्पर्धा महासंघाने थेट २०१३ साली, रशियातल्या सुझदालला घेतली. त्यानंतर चित्र पालटले. २०१९ साली अमेरिकेच्या रे विल्यम्सने फक्त पट्टा आणि गुडघ्यांवर स्लीव्ह घालून ४९० किलोचा स्क्वॉट केला.

इथे कुणी विचारेल, मग पट्टा का चालतो? पट्टा स्वतः वजन उचलत नाही. पोटात श्वास कोंडून धरला की आत दाब तयार होतो आणि कणा घट्ट राहतो. पट्टा फक्त त्या दाबाला टेकायला भिंत देतो. ताकद श्वासाची आणि पोटाच्या स्नायूंचीच.

आणि सूट काढला म्हणून शरीर स्प्रिंगविना उरते असेही नाही! प्रत्येक स्नायूच्या आत टिटिन नावाचे प्रथिन असते, माणसाच्या शरीरातले सर्वांत मोठे. ३४,००० हून अधिक अमिनो आम्लांची ही एकच साखळी. स्नायू ताणला की तीही ताणते आणि त्याला मूळ लांबीकडे खेचते. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडराही ताणावर ऊर्जा साठवतात आणि परत देतात. कापड करत होते तेच काम निसर्गाने आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यांवर सोपवलेले आहे. हे धागे मात्र राबवावे लागतात, आणि ते राबतात स्नायू पूर्ण ताणलेला असताना. गेल्या काही वर्षांतल्या अनेक प्रयोगांतही स्नायू लांबलेल्या अवस्थेत केलेल्या व्यायामाने त्यांची वाढ चांगली होते, असे दिसले आहे.

तालमीत हे नेहमीच होत आले आहे. बैठक मारणारा पैलवान पार टाचांवर बसतो आणि तिथून उठतो. जोर काढताना छाती जमिनीलगत घासून जाते. अर्ध्यातून परत फिरायची तिथे मुभा नाही. बारामतीशेजारच्या पुरंदर तालुक्यात, जेजुरीच्या मर्दानी दसऱ्याला, खंडोबाचा ४२ किलोंचा खंडा एका हाताने तोलून धरायची स्पर्धा लागते. काही जण तो दातांनी उचलतात. तिथेही मदतीला असते ते फक्त अंग. आणि सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर, वडिलांची पानपट्टी आणि चहाची टपरी. त्याने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, असे एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक आणले. वेटलिफ्टिंगमध्ये असे ताणाचे सूट चालतच नाहीत. बार अंगावर घेतला की खोल बसकणीतून, केवळ पायांच्या जोरावर वर यायचे असते.

मग कोऱ्हाळ्याच्या आपल्या मुलाने काय करावे? आधी आकडा पडू द्यावा. सुटातले वजन विसरून, ज्या वजनाने पूर्ण खोल जाऊन सरळ उठता येते तिथून सुरुवात करावी. बेंचवर बार छातीला टेकवून क्षणभर थांबावे, उसळी घेऊ नये. स्क्वॉटमध्येही तळाशी थांबून मग उठावे. खाली जाताना घाई नको. हीच पथ्ये सर्वांत जास्त टाळली जातात, कारण वजन लगेच निम्म्यावर आल्यासारखे वाटते आणि शेजारचा बघत असतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वाढ दिसते ती मुख्यतः मज्जातंतूंच्या शिकण्याची, स्नायूंची भर मागाहून पडते. कंडरा त्याहून सावकाश बळकट होतात. म्हणून आठवड्याला चढवायचे वजन थोडेच ठेवावे. सूट खांद्यांना आणि कमरेच्या सांध्यांना जो आधार देत होता, तो आता या कंडरांनी द्यायचा आहे.

काही महिन्यांनी हा मुलगा पुन्हा सुटाकडे वळला, तर कापडाची मदत आता अधिक भक्कम तळावर बसते. म्हणूनच इक्विप्ड गटात खेळणारे अनेक जण वर्षातला काही काळ मुद्दाम सुटाविना सराव करतात.

क्लासिक गटाला लागते ते थोडके: अंगाला घट्ट बसणारा सिंगलेट, १० सेंटिमीटरपर्यंत रुंदीचा पट्टा, मनगटाला रॅप, गुडघ्यांना ७ मिलिमीटरपर्यंत जाडीचे स्लीव्ह. महागडा परदेशी सूट नको, तो चढवायला मदतीला दोघे जण नकोत. बारामतीच्या जिमपर्यंतचे एसटीचे भाडे आणि घरचे दूध-भाकरी एवढ्या भांडवलावर या खेळात उतरता येते.