श्रीपतचं घर कोणतं?

चौपाटीसमोर उभी असलेली विल्सन कॉलेजची इमारत १८८९ सालची. या कॉलेजचं नाव मुंबई-पुण्याच्या घराघरांत ज्या वादांमुळे पोचलं, ते मात्र त्याआधीच्या अर्धशतकातले. आज ते विसरले गेले आहेत आणि याचं मला वाईट वाटतं, कारण अठरापगड जातीची मुलं एका बाकावर बसून धर्माविषयी बोलू लागली की काय घडतं, हे मुंबईने पहिल्यांदा तिथे पाहिलं.

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये या कॉलेजचं मूळ असलेली इंग्रजी शाळा काढली. बायबल शिकवायचं आणि त्यातून मुलं ख्रिस्ती व्हावीत, हा हेतू त्यांनी कधी लपवला नाही. पालकांनाही तो ठाऊक होता. इंग्रजी हवी म्हणून त्यांनी मुलं पाठवली. आदल्याच वर्षी विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा धर्मावर जाहीर वाद झाला होता. दोन्ही बाजूंची पुस्तकं निघाली, लोकांनी ती वाचली आणि शहर शांत राहिलं. तो मोठ्या माणसांचा वाद होता. भडका उडाला तो शाळेतली मुलं स्वतःचं मत सांगू लागली तेव्हा.

मे १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज हादरला. धनजीभाईला परत मिळवण्यासाठी नातलग सुप्रीम कोर्टात गेले. मुलगा जाणत्या वयाचा आहे, कुठे राहायचं ते त्याने ठरवावं, असा निकाल लागला, आणि तो विल्सनकडेच राहिला. पाठोपाठ पालकांनी भराभर मुलं शाळेतून काढून घेतली. ज्यांनी धर्म बदलला नव्हता, ज्यांना फक्त प्रश्न पडले होते, त्यांचीही शाळा सुटली. बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण बोलणं थांबलं ते सगळ्यांचं.

त्या पालकांना आज अडाणी ठरवणं सोपं आहे. मला ते मान्य नाही. धर्म बदललेला मुलगा घरात जेवू शकत नव्हता, आईबापांच्या अंत्यविधीत त्याला जागा नव्हती. धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये, असा कायदा आला तोही १८५० मध्ये. मुलगा जिवंत असताना गमावल्याचं ते दुःख होतं.

तरीही या सगळ्या काळातली सर्वांत दुःखद गोष्ट १८४३ ची. त्या वर्षी नारायण शेषाद्री हा ब्राह्मण विद्यार्थी ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनमध्ये राहायला गेला होता. तो जेमतेम बारा वर्षांचा. कोर्टाने या वेळी मुलगा अज्ञान ठरवून बापाच्या हवाली केला. इतक्या लहान मुलाला मिशनने ठेवून घ्यायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण खरी परीक्षा पुढेच होती. श्रीपत ख्रिस्त्यांच्या पंक्तीला जेवलेला. म्हणजे बाटलेला. बाप परत नेतो म्हणतो, कोर्ट परत देतं, आणि जात म्हणते, दार बंद.

बाळशास्त्री जांभेकर या मुलासाठी उभे राहिले. एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारे, ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री मिशनऱ्यांचे टीकाकारच होते. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावं, असा आग्रह त्यांनी धरला, तेव्हा सनातन्यांनी त्यांच्यावरच शस्त्र उगारलं. मिशनरी मुलं पळवतात म्हणून आरडाओरडा करणारे लोक परत आलेल्या मुलाला उंबऱ्याच्या आत घेत नव्हते. बारा वर्षांच्या पोराला पाप-पुण्याचा हिशेब मागणाऱ्या त्या शास्त्र्यांचा मला आजही राग येतो.

पुढच्या पिढीत वाद बंद दारांआड गेला. १८४९ च्या सुमारास परमहंस सभा स्थापन झाली. सभासद होताना ख्रिस्त्याने भाजलेला पाव खायचा, जातिभेद मानणार नाही असं कबूल करायचं, आणि बाहेर अवाक्षर काढायचं नाही. याच मिशनच्या शाळेत शिकलेला बाबा पदमनजी हा तरुणही सभेत होता. जे खरं वाटतं ते लपवून जगायचं कसं, हा प्रश्न त्याला सोडेना. बहुतेक सोबती गुप्ततेच्या बाजूचे, घर तुटू नये म्हणून. बाबांनी १८५४ मध्ये बेळगावात उघडपणे बाप्तिस्मा घेतला. तीन वर्षांनी आलेलं त्यांचं ‘यमुनापर्यटन’ हे हिंदू विधवांच्या हालांवरचं पुस्तक मराठीतल्या आरंभीच्या कादंबऱ्यांत गणलं जातं. घर सुटलं, तरी त्या घरातल्या बायकांचं दुःख त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. गुप्त राहिलेल्या मित्रांनाही मी भित्रे म्हणणार नाही. त्यांच्यापैकी काहींनी पुढे प्रार्थना समाजाच्या रूपाने उघडपणे सुधारणेची वाट धरली.

एकोणिसावं शतक सरताना वारं बदललं होतं. दापोलीच्या मिशन शाळेतून आलेला पांडुरंग वामन काणे हा विद्यार्थी विल्सन कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला. तो हिंदूच राहिला, संस्कृत पंडित झाला, आणि १९३० ते १९६२ या काळात त्याने धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला. परधर्मात गेलेल्यांना प्रायश्चित्त देऊन परत घेण्याची सोय सांगणारी देवलस्मृती त्या ग्रंथात सविस्तर चर्चिली आहे. म्हणजे श्रीपतला घरात घ्यायला शास्त्राची आडकाठी कधीच नव्हती.