दिलेले आणि न दिलेले : फ्लॉपीवरून हातोहात गेलेले सॉफ्टवेअर

पंचशीलातील दुसरे शील आपण लहानपणापासून म्हणत आलो आहोत. त्याचा अर्थ सांगताना 'चोरी करू नये' असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु मूळ पाली शब्द 'अदिन्नादान' असा आहे. अदिन्न म्हणजे न दिलेले आणि आदान म्हणजे घेणे. वस्तूची किंमत किती होती, ती कुलपात होती की उघड्यावर, मालकाला तिची उणीव भासली की नाही, यांपैकी कशाचाही त्या शब्दात उल्लेख नाही. देणाऱ्याने ती दिली होती काय, एवढाच प्रश्न त्यात आहे.

हा प्रश्न संगणकाच्या सॉफ्टवेअरला लावून पाहिला की मोठी गंमत होते. सायकल उचलून नेली तर मालक पायी जातो. सॉफ्टवेअरची प्रत काढली तर मालकाकडचे काहीच कमी होत नाही. त्यामुळे आपल्या वस्त्यांतून संगणक शिकणारी होतकरू मुले-मुली, त्यांचे क्लासचालक आणि लग्नपत्रिका छापणारे देखील 'कॉपी मारली, त्यात काय झाले?' असे सहज म्हणतात. उलट काही प्रामाणिक माणसे एवढी बिचकतात की संगणकावर विकत न घेतलेले काहीही असले म्हणजे तो गुन्हाच, असे समजून बसतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनीच 'घ्या आणि पुढे वाटा' असे लिहून दिलेले फार मोठे भांडार जगात आहे. ते इंटरनेटच्या आधीपासून आहे आणि ते फ्लॉपीवरून वाढले.

तरुण वाचकांनी फ्लॉपी कदाचित पाहिलीही नसेल. सुरुवातीला घरगुती संगणकासाठी सव्वापाच इंची, लवचीक वेष्टनातली चकती असे. आयबीएम पद्धतीच्या संगणकावर तिच्यात ३६० किलोबाइट मजकूर मावे. पुढे साडेतीन इंची, टणक प्लॅस्टिकची फ्लॉपी आली आणि तिच्यात १.४४ मेगाबाइट मावू लागले. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोदेखील पुष्कळदा तिच्यात बसणार नाही. पण त्या काळचे प्रोग्राम आटोपशीर असत. पत्रलेखनाचा संपूर्ण प्रोग्राम एका फ्लॉपीत येई, आणि दुसरी कोरी फ्लॉपी हाताशी असली की काही मिनिटांत त्याची प्रत तयार होई.

प्रतींचा वाद घरगुती संगणकाइतकाच जुना आहे. अमेरिकेत १९७५ साली अल्टेअर ८८०० हा संगणक आला आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' या नावाने हौशी मंडळी जमू लागली. अल्टेअरसाठी बिल गेट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेली बेसिक ही भाषा छिद्रांच्या कागदी पट्टीवर मिळे. तिच्या प्रती क्लबात वाटल्या गेल्या, आणि जो एक नेईल त्याने पुढच्या वेळी दोन आणाव्यात असा रिवाज पडला. गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये या हौशी मंडळींना उघड पत्र लिहून तुम्ही चोरी करीत आहात असे सुनावले. त्या वेळी ते अवघे वीस वर्षांचे होते. त्यांच्या श्रीमंतीमुळे आज ते पत्र वाचताना अनेकांना हसू येते; परंतु त्या दिवशीचा मुद्दा त्यांचाच बरोबर होता, असे माझे मत आहे. ती वस्तू त्यांनी दिलेली नव्हती.

त्याच सुमारास 'पीपल्स कॉम्प्युटर कंपनी' या कॅलिफोर्नियातील मंडळींनी निराळा मार्ग धरला. डेनिस ॲलिसन यांनी छोट्या बेसिक भाषेचा आराखडाच वार्ताहर पत्रात छापला, वाचकांनी त्यावरून आपापले प्रोग्राम लिहून पाठविले, आणि १९७६ मध्ये सुरू झालेल्या डॉ. डॉब्ज जर्नलमध्ये ते सर्वांसाठी छापले गेले. टॉम पिटमन यांनी आपली 'टायनी बेसिक' केवळ पाच डॉलरला विकली. ज्यांना ती मित्राकडून आयती मिळाली होती, त्यांच्यापैकीही कोणी कोणी त्यांना पाच डॉलर पाठवून दिले.

या दिलेल्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्यांमध्ये मला सर्वांत मोठे वाटते ते फ्रेड फिश यांचे नाव. कमोडोर कंपनीचा अमिगा हा घरगुती संगणक १९८५ मध्ये बाजारात आला. ॲरिझोना राज्यात राहणारे प्रोग्रामर फिश यांनी लगेच, ज्यांच्या वाटपाला लेखकांची परवानगी आहे असे अमिगाचे प्रोग्राम गोळा करून त्यांना अनुक्रमांक दिलेल्या फ्लॉपींवर भरण्यास सुरुवात केली. लेखक आपला प्रोग्राम त्यांच्याकडे टपालाने पाठवीत. ते तो पाहत, निवडत आणि फ्लॉपीतच एक मजकुराची फाइल ठेवीत. प्रोग्राम काय करतो, त्याची आवृत्ती कोणती, लेखक कोण आणि मूळ लिखाण म्हणजे सोर्स कोड सोबत आहे की नाही, हे सर्व त्या फाइलीत असे. मग गावोगावची हौशी मंडळे त्या फ्लॉपीच्या प्रती काढीत आणि कोरी चकती व टपालखर्च एवढेच घेऊन पुढे देत. युरोपातही हीच साखळी पसरली. 'फिश डिस्क नंबर अमुक' एवढे म्हटले की जर्मनीतल्या किंवा इंग्लंडातल्या माणसाला नेमकी वस्तू कळे. आमच्या बँकेत व्हाउचरला नंबर नसेल तर ते हरवल्यातच जमा असते, म्हणून या अनुक्रमांकाचे मोल मला जास्त कळते.

१९९४ पर्यंत या मालिकेत अकराशेहून अधिक फ्लॉपी झाल्या. अमिगाच्या एका फ्लॉपीत ८८० किलोबाइट मावत. अकराशेला गुणले तर सारे मिळून एक गिगाबाइटही होत नाही. आजच्या लहानात लहान पेनड्राइव्हमध्ये हा नऊ वर्षांचा उद्योग बसेल. परंतु इंटरनेट नसलेल्या हजारो घरांत तेच ग्रंथालय होते, आणि त्यातले सोर्स कोड वाचून पुष्कळ मुले प्रोग्राम लिहायला शिकली. फिश यांचे २००७ साली निधन झाले. दोष शोधण्यासाठी त्यांनी लिहिलेले 'डीबग' हे साधन त्यांनी सर्वांना मुक्त करून दिले होते; मायएसक्यूएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत ते समाविष्ट झाले.

इथे एक भेद समजून घेतला पाहिजे. फ्लॉपीवर मोफत मिळाले म्हणजे सगळे एकाच जातीचे नसे. काही लेखक आपला हक्क पूर्णपणे सोडून देत. ते सार्वजनिक मालकीचे. काही हक्क राखून ठेवीत, पण प्रती वाटायला मोकळीक देत. मात्र माझे नाव काढू नका, फाइली तोडू नका, नफा घेऊन विकू नका, अशा अटी घालीत. तिसरा प्रकार शेअरवेअरचा. आधी वापरून पाहा, मित्रांना द्या, उपयोगी वाटले तर मला पैसे पाठवा, असा तो करार. अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी १९८२ साली 'पीसी-टॉक' हा प्रोग्राम असा वाटला. सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्र प्रेक्षकांकडून वर्गणी मागते, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. आयबीएममध्ये नोकरीला असलेल्या जिम नॉफ यांनीही त्याच वर्षी 'पीसी-फाइल' या प्रोग्रामसोबत मदतीची विनंती घातली. दोघांची गाठ पडल्यावर दोघांनीही पंचवीस डॉलर मागायचे ठरविले. नॉफ यांना एवढा प्रतिसाद मिळाला की काही वर्षांत त्यांनी नोकरी सोडली. बॉब वॉलेस यांचा 'पीसी-राइट' १९८३ चा. त्यांनी तर वाटणाऱ्यालाच भागीदार केले. नोंदणी केलेल्या ग्राहकाच्या प्रतीत त्याचा क्रमांक असे, आणि त्या प्रतीवरून दुसऱ्या कोणी नोंदणी केली की पहिल्याला पंचवीस डॉलर मिळत.

आपल्याकडे ही फ्लॉपी पोहोचली तेव्हा तिच्यातली अट अर्ध्या वाटेत गळून पडली. त्याचे एक कारण बेपर्वाई. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विकाऊ सॉफ्टवेअरची चोरटी प्रत आणि लेखकाने दिलेली मोफत वस्तू एकाच पाकिटातून मिळे, आणि इंग्रजीतली 'रीडमी' नावाची फाइल उघडून बघण्याची तसदी फारसे कोणी घेत नसे. पण दुसरे कारण क्वचितच सांगितले जाते. एखाद्याला पंचवीस डॉलर पाठवायची खरोखर इच्छा असली, तरी पाठवणार कसे? १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा लागू होता. सामान्य माणसाने परदेशी पैसे पाठवायचे म्हणजे अर्ज, कारण, मंजुरी आणि ड्राफ्ट एवढे सोपस्कार, तेही पंचवीस डॉलरसाठी! तो कायदा जाऊन २००० साली फेमा आला, आणि २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाला पंचवीस हजार डॉलरपर्यंत पाठविण्याची मुभा दिली. तोवर शेअरवेअरचा काळ ओसरत आला होता. म्हणून त्या पिढीच्या सगळ्या वापरकर्त्यांना सरसकट चोर ठरवणे मला न्याय्य वाटत नाही.

हातोहात फिरणाऱ्या फ्लॉपीबरोबर रोगही फिरत. १९८६ चा 'ब्रेन' हा व्हायरस लाहोरच्या दोघा भावांनी लिहिला होता. आपल्याकडे १९९० मध्ये 'जोशी' नावाचा व्हायरस सापडला. लागण झालेला संगणक दर वर्षी ५ जानेवारीला अडून बसे आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप केल्याशिवाय पुढे सरकत नसे. अशा व्हायरसला रोखण्यासाठी फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद करणे किंवा कोपऱ्यातली छोटी खिटी सरकवणे हा सोपा उपाय होता. तसे केले की तिच्यावर काही लिहिले जात नसे.

वाटपाच्या अटीला पक्के कायदेशीर रूप दिले ते रिचर्ड स्टॉलमन यांनी. त्यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला. त्यांचे सॉफ्टवेअर असलेल्या चुंबकीय फितीसाठी ते दीडशे डॉलर घेत. मोफत आणि मुक्त यांत फरक आहे, असे त्यांचे सांगणे. किंमत घ्या अगर न घ्या, पण घेणाऱ्याला वाचण्याचे, बदलण्याचे आणि पुढे देण्याचे स्वातंत्र्य मिळाले पाहिजे. १९८९ च्या त्यांच्या परवान्यात अट अशी की, ज्याने हे घेऊन पुढे दिले त्याने तेच स्वातंत्र्य पुढच्यालाही दिले पाहिजे. लिनक्स या परवान्याखाली आले. भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले, पण ते महाग आणि मंद होते. त्यामुळे लिनक्स आपल्याकडे पुष्कळ जणांना इंग्रजी संगणक मासिकासोबत आलेल्या सीडीवरूनच मिळाले, आणि ती सीडी मित्राला देणे पूर्णपणे कायदेशीर होते.

आपल्या लोकांना ही रीत परकी वाटू नये. तैवानच्या बुद्ध एज्युकेशनल फाउंडेशनने छापलेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' अनेकांच्या घरी आहे. तो विनामूल्य वाटपासाठी असून विक्रीसाठी नाही, असे त्यावर छापलेले असते. फ्रेड फिश यांच्या फ्लॉपीवरच्या कित्येक लेखकांची अट नेमकी हीच होती. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने तर १९९७ मध्ये छट्ठ संगायनाच्या पाठानुसार संपूर्ण पाली तिपिटक अट्ठकथांसह सीडीवर आणले आणि विनामूल्य दिले. ते देवनागरीत वाचता येते, शिवाय तेच पान रोमन किंवा ब्रह्मी लोकांच्या लिपीत बदलूनही पाहता येते. ज्या ग्रंथांनी कपाटे भरत, ते एका चकतीवर विहारात आले. पुढे ते इंटरनेटवरही विनामूल्य ठेवले गेले.

कायद्याचे दोन शब्द. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ पासून संगणक प्रोग्रामचा समावेश झाला, आणि १९९५ पासून चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणे हाही गुन्हा ठरला. शिक्षा किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. वापर व्यापारासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. स्वतः विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची सुरक्षिततेसाठी जादा प्रत ठेवण्यास मात्र मुभा आहे.

फ्लॉपी आता इतिहासजमा झाली. परंतु जिथे चांगले इंटरनेट नाही, किंवा दहा मुलांत दोन जुने संगणक आहेत, अशा विहाराच्या अभ्यासिकेत पेनड्राइव्ह तेच काम करू शकतो. पत्र, तक्ता आणि हिशेब यांसाठी लिब्रेऑफिस आहे. त्याची प्रत कितीही जणांना देता येते. जयंतीच्या पत्रकासाठी चोरटे फाँट वापरण्याची गरज नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' हा देवनागरी फाँट मुक्त परवान्याखाली मिळतो. पत्रकात वापरा, छापा, मित्राला द्या. मात्र तो फाँट सुटा विकायचा नाही, अशी अट आहे. प्रत देताना ती मूळ संस्थेच्याच संकेतस्थळावरून उतरवलेली असावी, आणि 'लायसन्स' किंवा 'कॉपीइंग' या नावाची छोटी फाइल तिच्यासोबत जावी. प्रोग्राम चालण्यासाठी तिची गरज नसते, म्हणून जागा वाचवायला मुले ती काढून टाकतात. देणाऱ्याने दिल्याचा कागद तोच आहे, हे त्यांना सांगावे लागते.