फिर्याद लिहून घेणं ही मेहरबानी नव्हे

आज बोलूया पोलिसांच्या कर्तव्याबद्दल.

समजा, एखादी बाई विनयभंगाची तक्रार घेऊन ठाण्यात गेली. ठाणे अंमलदार म्हणाले, "ताई, कशाला कोर्टकचेरी? बदनामी तुमचीच होईल. पोराला समज देऊन सोडतो." ते कदाचित चांगल्या मनानेच बोलले असतील. पण वागले बरोबर का?

जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यांची एक कसोटी आहे. मी जे करतोय, तोच सगळ्यांचा नियम झाला तर चालेल का? प्रत्येक ठाण्याने बदनामीचं कारण सांगून बाईला परत पाठवलं, तर तक्रारीला अर्थच उरणार नाही. म्हणून पुढे काय होईल याचा हिशोब अंमलदारांनी करायचा नाही. लिहून घेणं हे त्यांचं कर्तव्य आहे.

कायदाही तेच सांगतो. ललिता कुमारी खटल्यात 12 नोव्हेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सांगितलेल्या माहितीत दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे. कौटुंबिक वादासारख्या काही बाबतींत आधी प्राथमिक चौकशीची मुभा आहे, पण चौकशी म्हणजे टाळाटाळ नव्हे. विनयभंग, बलात्कार अशा गुन्ह्यांची माहिती नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते.

तेव्हा ठाण्यात गेलात तर एवढं ध्यानात ठेवा. विनयभंगाची तक्रार महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. "आमची हद्द नाही" म्हणाले, तर झीरो एफआयआर करायला सांगा. नुसती एन.सी. देत असतील तर थांबा, कारण एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद. तिच्यावर न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. लिहिलेलं वाचून घ्या, मगच सही करा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंद केलीच नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. तिथेही दाद मिळाली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आता दुसरी बाजू. उद्या चोरीच्या संशयावरून आपल्याच पोराला ठाण्यात नेलं, तर? दोन फटके दिले की दागिने सापडतील, असं कुणाला वाटेल. तरीही त्याला मारायचं नाही, आणि अटक केली तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं, हेच कर्तव्य. आपल्या तक्रारीला जो नियम हवा, तोच आरोपीलाही हवा. कर्तव्य माणूस बघून बदलत नाही.

महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीद आहे 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. सज्जनांचं रक्षण, दुष्टांचा बंदोबस्त. पण सज्जन कोण आणि दुष्ट कोण, हे ठाण्याच्या टेबलावर ठरत नाही. ते न्यायालय ठरवतं. टेबलावर फक्त नीट ऐकायचं आणि खरं लिहायचं. तेवढं मागायला आपण कचरायचं नाही.